तांबड्या पट्ट्याच्या वर की खाली?

उरवड्याच्या ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातल्या कातळाची, झऱ्यांची आणि ओढ्यांची एक नोंदवही करावी, आणि त्या नोंदींवरून बाहेरच्या माणसांसाठी जागोजागी प्रश्न विचारणारा एक शोधमार्ग आखावा, अशी माझी मागणी आहे. गावात ती मी बोलून दाखवली तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, दगडांची कसली नोंद?" दुसरा आला, "त्यातून गावाला काय मिळणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं ग्रामसभेत पाच मिनिटांत देता येण्यासारखी नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी या भागात अनेक वर्षं भूगोल शिकवला. उरवडे हे माझं सासर. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट आणि तिथून डावीकडे वळलं की आमचं गाव. पुढे घाट चढून रस्ता मुठा खोऱ्यात, टेमघर धरणाकडे आणि लवासाकडे जातो. शनिवार-रविवारी हजारो गाड्या गावावरून जातात. त्यांतले बहुतेक जण उरवडे हे नाव फक्त पाटीवर वाचतात. राज्यभर आमच्या गावाचं नाव पोहोचलं ते ७ जून २०२१ रोजी. इथल्या एका कारखान्याला आग लागली आणि कामगार होरपळून गेले, त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. गावाची ओळख त्या एका दुपारपाशी थांबून राहावी, हे मला सहन होत नाही. त्या बायकांचा विसर पडू नये, हे तर आहेच. पण ज्या जमिनीवर त्या रोज पायी चालत कामाला येत होत्या, तिचीही काही कथा आहे, आणि ती गावाने स्वतः सांगायला हवी.

कथा समोर उघडी पडलेली आहे. आमच्या मुळशी तालुक्यात गेली पंधरा-वीस वर्षं रस्त्यांसाठी, बंगल्यांसाठी, गोदामांसाठी टेकड्या कापल्या जात आहेत. जिथे टेकडी कापली, तिथे तिचं पोट दिसतं. वर मुरूम, त्याखाली गोल गोल धोंडे, पापुद्रे सुटत चाललेले, त्याखाली घट्ट काळा कातळ, मग बारीक छिद्रांचा, हाताने खरवडला तर भुगा होणारा दगड, आणि मग वीतभर ते हातभर जाडीचा एक तांबडा पट्टा. पट्ट्याखाली पुन्हा छिद्रांचा दगड, पुन्हा काळा कातळ. गाडीतून जाणाऱ्याला तो चिखलाचा डाग वाटतो. खरं तर तो तांबडा पट्टा म्हणजे काळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. मग काही काळ शांतता होती. त्या शांततेत ऊनपावसाने थराचा माथा कुजला, माती झाली. मग पुढचा लाव्हा त्यावरून वाहत आला आणि त्याने ती माती भाजून काढली. असे थरावर थर चढत गेले. आज दख्खनचा हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. डायनासोर संपले तो काळ आणि हा लाव्हा वाहण्याचा काळ एकमेकांत गुंतलेले आहेत. जगभरचे भूशास्त्रज्ञ त्यासाठी महाराष्ट्राच्या घाटांत येऊन नमुने नेतात. आमच्या गावची मुलं त्याच कातळावर क्रिकेट खेळतात आणि त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पाठ्यपुस्तकात मी हे सगळं शिकवलं. पण त्या पट्ट्याचा गावाशी काय संबंध, हे मला शिकवलं ते आमच्या वस्तीवरच्या एका वयस्कर शेतकऱ्याने. सगळे त्यांना आबा म्हणतात. एका कापलेल्या टेकडीपाशी उभे राहून ते म्हणाले, "पाणी तांबड्या पट्ट्यावरून सुटतं, बाई. पट्टा फोडला की पाणी गेलंच." भूजलशास्त्र हेच सांगतं. भेगांच्या आणि छिद्रांच्या दगडातून पावसाचं पाणी खाली झिरपतं. चिकणमातीच्या तांबड्या थराशी ते अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. पुण्यातली अॅक्वाडॅम ही संस्था झऱ्यांचा असाच अभ्यास शास्त्रीय पद्धतीने करते. पुण्याच्या बावधन उपनगरातल्या झऱ्याच्या जतनाचा प्रश्न आला तेव्हा नागरिकांना त्या अभ्यासाचा आधार मिळाला होता. उरवड्याच्या डोंगरात कुठला झरा किती उंचीवर आहे आणि त्याच उंचीवर तांबडा पट्टा आहे का, हे आबांच्या पिढीला तोंडपाठ आहे. ते कागदावर कुठेही नाही. टेकडी कापण्याची परवानगी देताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारायला नोंद लागते.

आता शोधमार्गाकडे येते. ही कल्पना मला सुचली ती फार लांब, अमेरिकेच्या वायव्येला. माझी भाची वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहरात राहते. तिने मला एका सकाळी गाडीत बसवलं आणि "मावशी, तुझ्यासाठी एक कोरडा धबधबा आहे" म्हणाली. ड्राय फॉल्स हेच त्या जागेचं नाव. साडेपाच किलोमीटर रुंद आणि सुमारे १२० मीटर उंच कडा, आणि त्यावरून पाण्याचा थेंब पडत नाही. खाली काही डबकी आणि गवत. कड्याचा दगड पाहून मी थबकले. काळा कातळ, उभ्या खांबांचा थर, मध्ये छिद्रांचा दगड, पुन्हा खांब. हा तर आमचाच दगड. तिथला लाव्हा आपल्यापेक्षा खूप तरुण, सुमारे १.६ कोटी वर्षांचा, पण जात तीच. सपाट, विस्तीर्ण, थरांवर थर. हे नातं किती जवळचं आहे, याचं एक उदाहरण देते. कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज १९७३ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीयरीत्या वर्णिलं गेलं ते शेजारच्या ऑरेगन राज्यातून, आणि त्याचे जगातले सगळ्यात सुंदर स्फटिक पुढे सापडले ते आपल्या वाघोलीच्या खाणींत. जगभरच्या संग्रहालयांत आज ते पुण्याच्या नावाने ओळखले जातात.

दगड एक असला तरी त्या भूमीचं आयुष्य वेगळं गेलं. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या जिभेने क्लार्क फोर्क नदी अडवली. बर्फाच्या त्या बांधामागे मोंटाना राज्यात मिसुला नावाचं सरोवर साचलं, बांधाजवळ सहाशे मीटरहून खोल. पुणेकरांना टीएमसीची (अब्ज घनफुटांची) भाषा कळते, म्हणून त्या भाषेत सांगते. पानशेत धरण आज १०.६५ टीएमसीचं आहे. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी होतात. मिसुला सरोवरात ७० हजार टीएमसीच्या घरात पाणी होतं, म्हणजे साधारण साडेसहा हजार पानशेत. पाणी चढलं की बर्फाचा बांध फुटायचा आणि हे सगळं पाणी काही दिवसांत त्या काळ्या कातळावरून धावत समुद्राकडे जायचं. बर्फ पुन्हा सरकायचा, पुन्हा बांध, पुन्हा फूट. सुमारे १८ ते १५ हजार वर्षांपूर्वी हे कितीतरी वेळा घडलं. पाण्याने माती खरवडून नेली, कातळाचे खांब उपटून काढले, भोवऱ्यांनी रांजण कोरले.

हे ओळखलं ते हार्लेन ब्रेट्झ या माणसाने. तो आधी सिअॅटलमध्ये शाळामास्तर होता, जीवशास्त्र शिकवायचा. सरकारी मोजणी खात्याच्या एका नकाशावर त्याला धबधब्याचा आकार दिसला, पण नदी दिसली नाही. तेव्हापासून तो त्या प्रश्नामागे लागला. विद्यार्थ्यांना घेऊन पायी फिरला आणि १९२३ मध्ये त्याने लिहिलं की हे अफाट पुराचं काम आहे. १९२७ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या सभेत मोठमोठ्या भूशास्त्रज्ञांनी त्याला झिडकारलं. भूमी हळूहळूच घडते, एका फटक्यात नाही, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांतले बहुतेक त्या भूमीवर गेलेलेही नव्हते. पाणी आलं कुठून याचं उत्तर जोसेफ पार्डी या भूशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे पक्कं झालं. ब्रेट्झला भूशास्त्रातलं पेनरोज पदक मिळालं ते १९७९ मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर.

मला वाटतं, त्या सभेत पुण्यातलं एखादं म्हातारं माणूस बसलं असतं तर त्याने ब्रेट्झवर विश्वास ठेवला असता. बांध फुटला की काय होतं, हे आपल्याला १२ जुलै १९६१ ने शिकवलं आहे. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं, आणि पेठांच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरं, पूल, संसार काही तासांत गेले. आपल्या शहराला ही आठवण आहे. पण ती आठवण आणि मुठेच्या खोऱ्याचा दगड, गाळ, उतार यांची सांगड आपण कधी शाळेतल्या मुलांसाठी घातली नाही.

तिकडे ती घातली गेली. २००९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून हिमयुगातल्या पुरांचा राष्ट्रीय भूशास्त्रीय मार्ग जाहीर केला, चार राज्यांतून जाणारा. पण मला त्या सरकारी मार्गापेक्षा जास्त भावलं ते लोकांनी चालवलेलं काम. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ऑरेगनमधल्या एका माणसाने रानात वस्तूंची बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. कुणीतरी ती शोधून काढली, वहीत नाव लिहिलं, आणि खेळ जगभर गेला. २००४ पासून त्यात अर्थकॅश हा प्रकार आला. त्यात डबा नसतो. फक्त जागा असते आणि प्रश्न असतात. तुम्ही त्या जागेवर जाता, दगड बघता, मोजता, हात लावता आणि प्रश्नांची उत्तरं पाठवता. ती उत्तरं तिथे गेल्याशिवाय देता येत नाहीत, कारण ती पुस्तकात छापलेली नसतात. माझी भाची आणि तिची मुलं अशा जागा शोधत सुट्टीच्या दिवशी फिरतात. तिचा धाकटा दगडाच्या खांबाला किती बाजू आहेत ते मोजत होता आणि एकदा सहा, एकदा पाच आल्या म्हणून आईशी हुज्जत घालत होता. मी आयुष्यभर जे शिकवायचा प्रयत्न केला, ते तिथे एक प्रश्न करत होता.

माहितीफलक हे काम करू शकत नाही. फलक उत्तर आधीच देऊन टाकतो. माणूस फलकाचा फोटो काढतो आणि पुढे जातो, दगडाकडे बघतही नाही. आपल्या किल्ल्यांवर, लेण्यांवर हे रोज घडतं. शिवाय फलकाला खांब लागतो, खांबाला खड्डा, खड्ड्याला ठेका. प्रश्नाला काहीच लागत नाही.

मुळशीत बर्फ आला नाही, मग हिमयुगाचं इथे काय, असं एका तरुण शिक्षकाने मला विचारलं. त्याचं उत्तर पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी देऊन ठेवलं आहे. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजातले शरद राजगुरू यांनी दख्खनच्या नद्यांच्या काठच्या गाळाचा अभ्यास केला. तो १९८७ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. हिमयुगाच्या ऐन भरात आपल्याकडचा मोसमी पाऊस दुबळा पडला, नद्यांची ताकद घटली आणि त्यांनी पिवळसर गाळाचे थर साठवले. पुढे पृथ्वी तापली, पाऊस जोरात परतला, आणि नद्यांनी तोच गाळ कापून पात्र खोल केलं. म्हणजे तिकडे बर्फाचे बांध फुटत होते त्याच सुमाराच्या पाऊसपाण्याची गोष्ट आपल्याकडे नदीकाठच्या दरडीत लिहिलेली आहे. हेच काळे पुढे नर्मदा आणि तापीच्या पुराच्या खुणा शोधत होते तेव्हा त्यांच्या बरोबर होते व्हिक्टर बेकर, ज्यांनी ब्रेट्झच्या पुरांचं गणित मांडलं. त्यांचा एकत्रित लेख १९९४ मध्ये आला. मिसुलाच्या पुराचा अभ्यास आणि आपल्या मोसमी पुराचा अभ्यास अशा रीतीने पुण्यात एकत्र आला. जगात नाव असलेलं हे काम पुण्यापासून तासाभरावरच्या गावांत कुणाला माहीत नाही, आणि याचा दोष गावांचा नाही.

महाराष्ट्राने खराखुरा बर्फही पाहिला आहे, फक्त फार फार पूर्वी. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात इरई गावाशी चुनखडकावर घासल्याचे ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने दगडधोंडे घासत नेले, त्यांचे ते ओरखडे. फ्रान्सिस फेडन याने १८७५ मध्ये त्यावर लिहिलं. विदर्भातल्या शिक्षकांनी तिथे असा प्रश्नमार्ग केला तर तो देशातला अनोखा ठरेल. असा मार्ग माझ्या माहेरच्या पारनेर तालुक्यातही होऊ शकेल. निघोजचे रांजणखळगे मी लहानपणापासून पाहिले आहेत. कुकडीच्या पात्रात, अलीकडे निघोज आणि पलीकडे टाकळी हाजी, मध्ये कातळात कोरलेले खोल रांजण. पाण्याने गोटे फिरवून फिरवून ते घडवले. वॉशिंग्टनमध्ये पुराने जे दिवसांत कोरलं, ते कुकडीने सावकाश, एकेका पावसाळ्यात कोरलं. दोन्ही ठिकाणचे आकार शेजारी ठेवून मुलांना विचारावं, यातलं घाईचं काम कोणतं? वर्गात तासभर वाद चालेल.

उरवड्याचा मार्ग कसा असावा, याचा विचार मी काही माजी विद्यार्थ्यांबरोबर केला आहे. सुरुवात कापलेल्या टेकडीपाशी, जिथे तांबडा पट्टा डोळ्यांच्या उंचीवर आहे. प्रश्न असा: ओल पट्ट्याच्या वर आहे की खाली, आणि का? तिथून गावच्या एका झऱ्याकडे. तिथे उत्तर गावातल्याच माणसाला विचारून आणायचं: हा झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा आणि आता कोणत्या महिन्यात आटतो? यात पाहुण्याला गावाशी बोलावं लागतं. बोलणं झालं की चहा होतो, भाकरी होते, बचतगटाच्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात. गावाला काय मिळणार, याचं एवढं सरळ उत्तर माझ्याकडे आहे. मग घाटमाथा, जिथून अलीकडचं पाणी एका बाजूला जातं आणि पलीकडचं मुठेला मिळतं. तिथे उभं राहून पाणलोटाची रेषा स्वतः काढायची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता संगणकावर मोफत मिळतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांबाबतचे जुने निर्बंधही बरेच सैल केले आहेत. समोच्च रेषा कुठे दाटल्या आहेत आणि कुठे विरळ, ते नकाशावर बघायचं आणि मग डोळ्यांसमोरच्या डोंगराशी ताडायचं. घट्ट कातळाचा कडा, मऊ थराची उतरण, पुन्हा कडा. सह्याद्रीच्या पायऱ्या कशा झाल्या हे नकाशातूनच कळतं. शेवट मुठा खोऱ्यात, नदीकाठच्या गोट्यांपाशी. प्रश्न: यातला कोणता गोटा कुठल्या थरातून आला असेल?

दगड ओळखण्यासाठी मी वडार समाजातल्या जुन्या कारागिरांना बरोबर घ्यावं असं म्हणते. हातोडी मारल्यावर दगडाचा आवाज ऐकून तो कुठे फुटेल हे सांगणारी ती माणसं आहेत. पुण्याचे वाडे, घाट, देवळं त्यांच्या पूर्वजांच्या हातचे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाइतकाच मान या मार्गावर त्यांना मिळायला हवा आणि मानधनही.

हरकती आहेत आणि त्यांतल्या काही मला पूर्ण पटतात. डबा ठेवायचा नाही, हे त्यातूनच ठरलं. आपल्याकडे बेवारस डबा दिसला की पोलिसांना बोलवावं लागतं, आणि बरोबरच आहे. रानात प्लास्टिकचे डबे पुरणं हेही मला मान्य नाही. दुसरी भीती गर्दीची. पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणी, लोणावळा या भागांत काय होतं ते आपण पाहतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं लोकांच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. त्याच पावसाळ्यात, २५ जुलैला, ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं. म्हणून हा मार्ग कार्तिकात उघडावा आणि फाल्गुनात बंद व्हावा. पावसाळ्यात नाही, एकही दिवस नाही. ओढ्याच्या पात्रातली एकही जागा त्यात नसावी. आणि ओल पाहायला कार्तिकच बरा, तेव्हा पट्टा अजून पाझरत असतो.

तिसरी हरकत मला सगळ्यात गंभीर वाटते. जागा जाहीर केली की ती लुटली जाते. आमच्या कातळातल्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट झिओलाइटचे स्फटिक असतात. ते उकरून विकणारे लोक आहेत. स्फटिकांची एकही जागा मार्गावर येऊ नये आणि नोंदवहीतही ती गावाकडेच राहावी, बाहेर जाऊ नये. कोकणातल्या कातळशिल्पांचा अनुभव इथे उपयोगी आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरीच्या सड्यांवर गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ती चित्रं शोधली. आज ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आधी गावकऱ्यांना त्या जागेचं मोल कळलं, मग बाहेरचे आले, म्हणून काही जागा तरी वाचल्या. हा क्रम उलटा झाला असता तर सड्यावर चिरेखाणी उरल्या असत्या.

सरकारकडे बघत बसू नये, असंही मी सुचवते. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. पाचगणी आणि महाबळेश्वरचे लाव्हाचे थर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. लोणार तर १९७९ पासून राष्ट्रीय भूवारसा मानलं जातं. पण यादीत जाणाऱ्या जागा मोजक्या असतात. उरवड्याची कापलेली टेकडी कधीच कुठल्या यादीत जाणार नाही. तिच्यात जगावेगळं काही नाही. आमच्या पिण्याच्या पाण्याचा रस्ता तिच्यातून जातो, एवढंच. तिची काळजी दिल्लीला किंवा पॅरिसला का असावी? ती आम्हाला असायला हवी.

आणि ती घेण्याचं साधन गावाच्या हातात आहे. जैवविविधता कायद्यामुळे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. झाडं, पिकं, पाखरं, औषधी वनस्पती त्यात लिहिल्या जातात. त्याच्या जोडीला एक भाग दगड-पाण्याचा असावा: झरा कुठे, किती उंचीवर, कोणत्या थरावर, केव्हा आटतो. कापलेल्या टेकडीचा फोटो, तारखेसह. तांबडा पट्टा कुठून कुठे जातो. ही नोंद शाळेची मुलं आबांसारख्या माणसांना बरोबर घेऊन करतील. त्यांना प्रकल्प मिळतो, गुण मिळतात, आणि गावाला दस्तऐवज मिळतो. उद्या कुणी टेकडी कापायला निघालं तर ग्रामसभेत हा कागद समोर ठेवता येईल. नोंदीमुळे परवानगी आपोआप अडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज आमच्याकडे विरोध करायला भावना आहेत, कागद नाही. आणि सरकारी कचेरीत भावना दाखल करून घेत नाहीत.

विकासाच्या मी विरोधात नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी याच रस्त्यालगत गॅरेजं, हॉटेलं काढली आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. घरं हवीत, कारखानेही हवेत आणि त्यांत काम करणाऱ्यांचा जीव सुरक्षित हवा. पण पट्टा कुठे आहे ते बघून कुदळ मारा, एवढं तरी मागण्याचा हक्क गावाला आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी दिला आहे. सोबत मार्गाचा कच्चा नकाशा आणि पहिले चार प्रश्न जोडले आहेत. प्रश्न मुलांनी लिहिलेले आहेत, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. झरे दाखवायला यायला आबा तयार आहेत, सकाळी लवकर निघायचं एवढीच त्यांची अट आहे. पिरंगुट, मुठे, आंबेगाव आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांनी आपापल्या शाळेची मुलं घेऊन यावं. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी आणावी. मोबाइल एकच पुरे, तोही अक्षांश-रेखांश टिपण्यापुरता.